कंपनीची हद्द कुठवर?

एखाद्या साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल उघडा. गाळप किती टन, उतारा किती टक्के, मळी किती निघाली, बगॅस किती उरला, सहवीजनिर्मितीतून किती युनिट विकली, सगळं चोख मांडलेलं असतं. आता त्याच अहवालात ऊस तोडणारी बाई शोधा. कामगारांच्या संख्येत ती नाही. कंत्राटी कामगारांतही सहसा नसते. ती असते ‘तोडणी-वाहतूक खर्च’ या एका ओळीत, आणि महाराष्ट्रात तो खर्चही शेतकऱ्याला मिळणाऱ्या उसाच्या किमान दरातून, म्हणजे एफआरपीतून, वजा होतो. तोडणीचा कार्यक्रम कारखाना लावतो. टोळी मुकादम आणतो. उचलीचा पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, तिथून मुकादमाकडे आणि मग कोयत्याकडे जातो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक कोयता, आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. कागदावर ती बाई कारखान्याची नसते, शेतकऱ्याचीही नसते, आणि मुकादम स्वतःला मालक म्हणवून घ्यायला कधीच तयार नसतो.

कामावर न गेलेल्या दिवसाला खाडा पडतो आणि तो उचलीत जमा होतो. पाळी असो, ताप असो, बाळंतपण असो. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार महिला ऊसतोड कामगारांची माहिती घेतली गेली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली असल्याचं दिसलं. डॉक्टर, दारिद्र्य, बालविवाह, भीती, अज्ञान अशी कारणं अनेक सांगितली गेली आणि ती सगळी खरी आहेत. पण त्या साखरेच्या व्यवहारात ज्यांचे ज्यांचे ताळेबंद तयार होतात, त्यांतल्या एकाही ताळेबंदात याची नोंद होण्याची जागा नव्हती. साखर पुढे बिस्किटात जाते, शीतपेयात जाते, औषधाच्या सिरपात जाते. ते बनवणाऱ्या कंपन्यांचे शाश्वतता अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेले असतात. त्यांत पाण्याची बचत असते, प्लॅस्टिकचा पुनर्वापर असतो. त्यांतलं बहुतेक खरंही असतं. खोटं न लिहिताही ती बाई त्यातून गळते.

ज्या लेखसंग्रहाची ही प्रस्तावना, त्याच्या विषयाला इंग्रजी वळणाची लांबलचक नावं आहेत. पर्यावरणीय आणि सामाजिक शाश्वततेचा कंपनीच्या कारभारात समावेश, हे त्यातल्या त्यात सुटसुटीत. ‘ईएसजी’ (पर्यावरण, समाज, कारभार) ही तीन इंग्रजी अक्षरं आता म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीतही दिसतात. नवख्या वाचकाने या शब्दांना बिचकू नये म्हणून मी माझ्यापुरता विषय एका प्रश्नात बसवला आहे: कंपनीची हद्द कुठे संपते, आणि ती कोण ठरवतं? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला या क्षेत्रातला जवळपास प्रत्येक वाद, कायदा आणि अहवालाचा नमुना या प्रश्नाभोवतीच फिरताना दिसतो.

आधी कारभाराबद्दल. कॉर्पोरेट गव्हर्नन्स ही संज्ञा आज ज्या अर्थाने वापरली जाते, तो अर्थ लंडनच्या कॅडबरी समितीने १९९२ मध्ये रूढ केला: कंपन्या ज्या व्यवस्थेने चालवल्या जातात आणि ताब्यात ठेवल्या जातात ती व्यवस्था. समितीपुढचे प्रश्न होते हिशेब खरे आहेत का, लेखापरीक्षक स्वतंत्र आहे का, एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता एकवटली आहे का. भारतात १९९८ मध्ये सीआयआयने राहुल बजाज यांच्या पुढाकाराने ऐच्छिक संहिता काढली. त्यानंतर सेबीने कुमार मंगलम बिर्ला यांची समिती नेमली आणि २००० सालापासून शेअर बाजाराच्या करारात प्रसिद्ध ‘क्लॉज ४९’ आलं. यात स्वतंत्र संचालक होते, ऑडिट कमिटी होती. नदी नव्हती, कामगार नव्हता. त्यांच्यासाठी वेगळ्या खिडक्या होत्या. सांडपाण्याची फाइल प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रासाठी फॅक्टरी मॅनेजरच्या टेबलावर, कामगारांची फाइल पर्सोनेल खात्यात आणि पुढे कामगार न्यायालयात, देणग्यांची फाइल मालकांच्या ट्रस्टकडे. संचालक मंडळाच्या बैठकीत नवी भट्टी घ्यायची की नाही हे ठरत असताना या तिन्ही फायली तिथे नसत. समावेश म्हणजे, सगळा डामडौल बाजूला ठेवला तर, त्या फायली त्याच बैठकीत, त्याच वेळी, त्याच लोकांपुढे येणं.

हा प्रश्न आपल्याकडे पश्चिमेकडून आला, असं समजण्याचं कारण नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हा वाद हाच होता की मजुराच्या थकव्याचा गिरणीच्या हिशेबाशी संबंध आहे का. १९२१ चा मुळशी सत्याग्रह तर या पुस्तकाच्या विषयाचा अस्सल पूर्वज म्हणावा असा आहे. मुंबईला वीज हवी होती, टाटांच्या कंपनीला मुळशीला धरण बांधायचं होतं, आणि मावळ्यांच्या भातशेतीची जमीन कायद्याने संपादन करून कंपनीला मिळत होती. सेनापती बापटांनी तुरुंगवास पत्करला, धरण झालंच. ज्या उद्योगसमूहाने जमशेदपूरला १९१२ पासून आठ तासांचा दिवस लागू केला, त्याच समूहाच्या दुसऱ्या कंपनीविरुद्ध मुळशीचा शेतकरी रस्त्यावर उतरला होता. या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. कामगार हद्दीच्या आत आला होता, विस्थापित शेतकरी आला नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

पुढे टाटा स्टीलने आपल्या नियमावलीत कामगार, ग्राहक आणि स्थानिक समाज यांच्याबद्दलची जबाबदारी लिहून घेतली. १९८० च्या सुमारास तर जे. आर. डी. टाटांच्या कारकिर्दीत मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल यांच्या समितीकडून कंपनीचं सामाजिक लेखापरीक्षण करवून घेतलं. यामागे गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेची सावली होती. विश्वस्त कल्पनेचं मोठेपण मान्य करूनही तिच्यातली उणीव सांगायला हवी: विश्वस्त चांगला निघाला तर सगळं ठीक, नाही निघाला तर लाभार्थ्याच्या हाती काही नसतं. आधुनिक कारभारशास्त्राचा सगळा खटाटोप माणसाच्या चांगुलपणावर विसंबायचं नाही म्हणूनच आहे.

अमेरिकेत हाच वाद १९३१-३२ मध्ये दोन कायदेपंडितांत रंगला. ॲडॉल्फ बर्ली म्हणत होते की संचालकांचे अधिकार हे भागधारकांसाठीच आहेत. त्यांना ‘समाजासाठी’ अशी मोकळीक दिली तर ते कोणालाच जबाबदार राहणार नाहीत. मेरिक डॉड म्हणत होते की कंपनी नफा कमावतेच, पण ती समाजसेवेचंही एक साधन आहे. वीसेक वर्षांनी बर्लींनी आपली हार जाहीरपणे कबूल केली. पण त्यांची मूळ शंका आजही जिवंत आहे आणि मला ती डॉड यांच्या आदर्शापेक्षा जास्त उपयोगी वाटते. सगळ्यांना जबाबदार असलेला माणूस वेळ आल्यावर कोणालाच जबाबदार नसतो, हे आपण सार्वजनिक संस्थांत रोज पाहतो.

१९७० मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत तो लेख लिहिला, ज्याला शिव्या देणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी तो वाचलेला नसतो. कायदा आणि रूढ नीती पाळून मालकांसाठी नफा वाढवणं हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी, हे त्यांचं म्हणणं. समाजकार्य करायचं असेल तर भागधारकाने स्वतःच्या पैशाने करावं, मॅनेजरने दुसऱ्याच्या पैशाने करू नये. जेन्सन आणि मेकलिंग यांनी १९७६ मध्ये मालक आणि मुखत्यार यांच्या नात्याचा सिद्धांत मांडून या विचाराला गणिती बैठक दिली, आणि पुढची तीन दशकं जगभरच्या बिझनेस स्कूलांत तोच शिकवला गेला. त्याला मोठं आव्हान दिलं ते एडवर्ड फ्रीमन यांच्या १९८४ मधल्या पुस्तकाने. कंपनीवर ज्यांचा परिणाम होतो आणि कंपनीचा ज्यांच्यावर परिणाम होतो ते सगळे हितसंबंधी; त्यांना सांभाळल्याशिवाय धंदा टिकत नाही, असं फ्रीमन म्हणाले. फ्रीमन नीतीपेक्षा धोरण शिकवत होते, हे अनेकदा विसरलं जातं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडली. युनियन कार्बाइड इंडियाचे निम्म्याहून किंचित अधिक, ५०.९ टक्के शेअर अमेरिकन मूळ कंपनीकडे होते. तरी भारतातली कंपनी वेगळी, तिचा कारभार वेगळा, हीच मूळ कंपनीची भूमिका राहिली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. हद्दीचा प्रश्न इतक्या क्रूरपणे क्वचितच कुठे उभा राहिला असेल. आपल्या कायद्याने त्याला दिलेली दोन उत्तरं मात्र आजच्या चर्चेत अन्यायाने मागे पडली आहेत. दिल्लीतल्या ओलियम गळतीनंतर एम. सी. मेहता खटल्यात न्या. भगवती यांच्या खंडपीठाने डिसेंबर १९८६ मध्ये संपूर्ण दायित्वाचं तत्त्व मांडलं: धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला काळजी घेतली होती हा बचाव मिळणार नाही, आणि भरपाई उद्योगाच्या आकाराच्या प्रमाणात असेल. दुसरं उत्तर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात आलेलं कलम ४१-ब. धोकादायक कारखान्याने आपल्याकडे कोणता धोका आहे हे कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना सांगितलं पाहिजे, असं त्याने बजावलं. माहिती उघड करण्याचं हे बंधन शेजाऱ्यासाठी होतं, गुंतवणूकदारासाठी नव्हे. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत माहितीचा हा ओघ शेजाऱ्याकडून गुंतवणूकदाराकडे वळला, आणि माझ्या मते या क्षेत्रात घडलेला सर्वांत मोठा बदल तोच आहे.

तो कसा वळला? १९८९ च्या एक्झॉन व्हाल्डेझ तेलगळतीनंतर अमेरिकेत गुंतवणूकदार आणि पर्यावरणवादी एकत्र आले, त्यातून १९९७ मध्ये जीआरआय ही अहवालाची चौकट निघाली. जॉन एल्किंग्टन यांनी नफ्याबरोबर माणसं आणि पृथ्वी यांचाही ताळेबंद मांडायची कल्पना लोकप्रिय केली. २०१८ मध्ये त्यांनीच ती ‘परत मागवली’, कारण लोकांनी व्यवस्था बदलायच्या ऐवजी तिचा हिशेबाचा तक्ता करून टाकला, अशी त्यांची तक्रार होती. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून ‘ईएसजी’ हे नाव रूढ झालं. तो अहवाल वित्तसंस्थांनी तयार केला होता, हे ध्यानात घ्यावं. नदी वाचवा असं त्याचं म्हणणं नव्हतं. नदी मेली तर तुमचा शेअर पडेल, असं होतं.

आज जगात जे मुख्य पंथ आहेत त्यांची मांडणी यावरून करता येते. ब्रिटनच्या २००६ च्या कंपनी कायद्याचं कलम १७२ संचालकांना इतरांच्या हिताचा ‘विचार’ करायला सांगतं, पण शेवटी भागधारकांच्याच यशासाठी. दक्षिण आफ्रिकेत मर्व्हिन किंग यांच्या समितीने १९९४ पासूनच्या अहवालांतून कंपनीला समाजाचा नागरिक मानलं आणि वित्तीय व सामाजिक हिशेब एकाच अहवालात आणले. वर्णभेद नुकताच संपलेल्या देशाला कंपनी समाजापासून अलग ठेवणं परवडणारं नव्हतं. युरोपने ‘दुहेरी’ कसोटी धरली: हवामानामुळे कंपनीचं काय बिघडेल हे तर सांगाच, पण कंपनीमुळे हवामानाचं आणि माणसांचं काय बिघडतं तेही सांगा. लंडनच्या आयएफआरएस फाउंडेशनने स्थापलेल्या आयएसएसबी या मानक मंडळाने २०२३ मध्ये काढलेली मानकं पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. आणि फ्रान्सने २०१७ मध्ये निराळीच वाट घेतली: अहवाल पुरे, मोठ्या कंपनीने पुरवठादारांकडच्या मानवी हक्कांच्या धोक्यांवर आराखडा करायचा आणि अंमलात आणायचा, नाही केला तर न्यायालय आहे. त्यामागे ढाक्याजवळच्या राणा प्लाझाचे अकराशेहून अधिक बळी होते. २०१३ मध्ये कोसळलेल्या त्या इमारतीत पाश्चात्त्य ब्रँडांचे कपडे शिवले जात होते, आणि ते शिवणारा एकही कामगार त्या ब्रँडांचा ‘कर्मचारी’ नव्हता.

भारताचा मार्ग या सगळ्यांची मिसळ आहे, आणि तिची चव अजून जमायची आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६(२) वाचलं तर वाटतं आपण ब्रिटनच्या पुढे आहोत. संचालकाने भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाचं रक्षण यांच्याही हितासाठी सद्भावनेने वागावं, असं ते सांगतं, आणि कोणाला वर-खाली करत नाही. पण संचालकाने ते पाळलं नाही तर दाद मागणार कोण? सामूहिक दाव्याचं कलम २४५ सभासदांना आणि ठेवीदारांना आहे. ज्याच्या विहिरीत रंगाचं पाणी उतरलं त्याला त्या कलमाचा उपयोग नाही. कर्तव्य दिलं पण ते मागणारा माणूस दिला नाही, अशी ही रचना आहे.

कलम १३५ बद्दल सर्वसामान्य वाचकाला जास्त माहिती असते, कारण शाळेच्या भिंतीवर आणि रुग्णवाहिकेवर त्याच्या पाट्या असतात. ५०० कोटींचं नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष लागू झाला, की मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करायचे. या पैशातून चांगली कामं झाली आहेत, हे नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण नियमांनुसार धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारातला खर्च सीएसआर धरता येत नाही, फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्चही नाही. पळवाट बंद करायला हे योग्यच होतं. परिणाम मात्र असा झाला की जबाबदारी म्हणजे धंद्याबाहेर केलेलं काहीतरी, ही समजूत कायद्यानेच पक्की केली. संचालकांची एक समिती वर्षातून काही वेळा बसते आणि तलाव कुठे खोदायचा हे ठरवते. त्याच कंपनीचा कारखाना कुठलं पाणी उपसतो, हा विषय त्या समितीपुढे येण्याची गरज उरत नाही.

ही फट बुजवायची जबाबदारी सेबीने अहवालावर टाकली. २०११ ची राष्ट्रीय ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं, २०१२ पासून पहिल्या शंभर कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी अहवाल (बीआरआर), २०१९ ची सुधारित तत्त्वं, आणि मे २०२१ च्या परिपत्रकाने आलेला व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल (बीआरएसआर), जो २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना बंधनकारक झाला. हा नमुना एकदा तरी स्वतः चाळून पाहावा. स्त्री-पुरुषांचं मध्यक वेतन, किमान वेतनावर किती जण आणि त्याहून वर किती, कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती, पाणी कुठून किती घेतलं, उत्सर्जन किती, तक्रारी किती आल्या आणि किती प्रलंबित. प्रश्न चांगले आहेत, काही तर फार चांगले. उत्तरांच्या रकान्यात मात्र ‘निरंक’ची रांग लागलेली असते. हजारो माणसं राबतात त्या कारखान्यात कामाच्या परिस्थितीबद्दल वर्षभरात एकही तक्रार नाही, असं वाचलं की दोनच शक्यता उरतात: तिथे रामराज्य आहे, किंवा तक्रार करायची सोय नाही. जाणकार वाचक शून्याला आकडा मानत नाही, तिथे तो पुढचा प्रश्न विचारतो. आणखी एक गोष्ट. कामगारांच्या तक्त्यात स्त्री-पुरुष आणि अपंगत्व यांचे रकाने आहेत, जातीचा नाही. भारतात ‘सामाजिक’ या शब्दाखाली जात न मोजणं ही पाश्चात्त्य नमुना उचलल्याची खूण आहे, की आपल्या सोयीची गोष्ट, हे ज्याचं त्याने ठरवावं.

अहवाल चांगला म्हणजे कारभार चांगला, या भोळेपणाला इतिहासाने दोनदा जोरदार थप्पड दिली आहे. सप्टेंबर २००८ मध्ये सत्यमला उत्तम कारभाराचा जागतिक पुरस्कार मिळाला; जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली. २०१५ मध्ये फोक्सवॅगन एका नामवंत शाश्वतता निर्देशांकात झळकत असतानाच तिच्या डिझेल गाड्यांतलं प्रदूषणचाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर उघडकीला आलं. दोन्हीकडे संचालक मंडळावर नावाजलेली माणसं होती.

मग खरा समावेश ओळखायचा कसा? मी तीन-चार ठिकाणी बघतो. पैसा कुठे मंजूर होतो, हे पहिलं. भांडवली खर्चाच्या प्रस्तावात सांडपाणी प्रक्रियेचा खर्च नव्या यंत्राच्या बरोबरीने येतो, की ‘पुढच्या टप्प्यात’ ढकलला जातो? एमआयडीसीतल्या सामायिक सांडपाणी केंद्रांची दुर्दशा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. प्रत्येक सभासद उद्योग आपलं पाणी वाहिनीत सोडतो आणि स्वतःच्या कागदावर स्वच्छ राहतो, नाल्याला मात्र फेस येतो. दुसरं, पगार. मुख्य अधिकाऱ्याच्या बोनसमध्ये अपघाती मृत्यूचं वजन किती, आणि मृत्यू ठेकेदाराच्या माणसाचा असेल तर तो मोजला जातो का? तिसरं, जोखीम समिती. २०२१ च्या दुरुस्तीने तिच्या धोरणात ईएसजी जोखमींचा उल्लेख सक्तीचा झाला, पण तिच्यापुढे विषय कोण घेऊन येतो, फॅक्टरीतला माणूस की सल्लागार कंपनीचं सादरीकरण? आणि असहमती. इतिवृत्तात एखाद्या स्वतंत्र संचालकाचा विरोध नोंदलेला सापडला, तर दहा पुरस्कारांपेक्षा मी त्याला जास्त किंमत देईन.

कारभाराने हे केलं नाही तर शेवटी न्यायालय करतं, आणि ते कोणालाच स्वस्त पडत नाही. गोव्याचं उदाहरण पुरेसं आहे. लोहखनिजाच्या कंपन्या वर्षानुवर्षं नफ्यात होत्या. धुळीने माखलेली भातखाचरं आणि आटलेल्या विहिरी त्यांच्या हिशेबात नव्हत्या. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या. २०१४ मध्ये गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती. उत्खननाला वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला लावली. २०१८ मध्ये नव्याने दिलेले ८८ पट्टेही रद्द झाले. ट्रकवाले, बार्जवाले, खाणकामगार यांची त्यात जी होरपळ झाली, ती कंपन्यांनी आणि सरकारने वेळीच न केलेल्या हिशेबाची किंमत होती, आणि ती हिशेब न करणाऱ्यांनी भरली नाही.

आत्ताच या पुस्तकाची गरज का, याला एक व्यावहारिक उत्तर आहे आणि एक जरा चिंतेचं. व्यावहारिक असं की युरोपचा सीमेवरचा कार्बन कर, सीबॅम, १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण अर्थाने लागू झाला आहे. पोलादाचे नट-बोल्ट निर्यात करणाऱ्या छोट्या कारखानदारालाही आता युरोपातला ग्राहक विचारतो की या मालामागे उत्सर्जन किती. ज्याने मोजलंच नाही त्याच्या माथी ठरावीक, बहुधा चढा आकडा मारला जातो. चिंतेचं असं की नेमकी याच वेळी माघार सुरू आहे. युरोपीय आयोगाने २०२५ मध्ये स्वतःचेच नियम सैल करायला घेतले. अमेरिकेत ईएसजी हा राजकीय शिव्यांचा शब्द झाला. सेबीनेही पुरवठादारांची माहिती ऐच्छिक केली आणि तिसऱ्या पक्षाच्या खातरजमेला सौम्य पर्याय दिला. शिवाय पुरवठादार म्हणजे कोण, तर कंपनीच्या खरेदी-विक्रीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा अधिक आहे तो. या चाळणीतून साखर कारखाना कदाचित येईल, ऊसतोडीची टोळी कधीच येणार नाही. माघारीच्या काळात कोणत्या गोष्टी कायद्यात रुजल्या होत्या आणि कोणत्या नुसत्या फॅशन होत्या, ते मात्र स्पष्ट दिसतं. अभ्यासकाला ही वेळ वाईट नाही.

आणि हे मराठीत का? नव्या प्रकल्पाच्या जनसुनावणीसाठी पर्यावरणीय परिणामांचा सारांश स्थानिक भाषेत देणं २००६ च्या अधिसूचनेने सक्तीचं केलं आहे. प्रकल्प उभा राहिल्यावर दरवर्षी निघणारा शाश्वतता अहवाल मात्र इंग्रजीत असतो आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर जातो. तळोजा, लोटे, तारापूर, बुटीबोरीच्या शेजारच्या गावातल्या ग्रामपंचायत सदस्याला तो वाचता यावा, त्यातला कोणता रकाना आपल्या नाल्याबद्दल आहे हे कळावं, अशी या पुस्तकाची पहिली इच्छा आहे. दुसरी इच्छा कंपनी सचिव, सनदी लेखापाल आणि मधल्या फळीतले व्यवस्थापक यांच्यासाठी. या विषयाचे तक्ते ते दिवसभर इंग्रजीत भरतात, पण त्यावर मराठीत वाद घालण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते.

हे पाठ्यपुस्तक नाही. कायद्याची कलमं यात आहेत, पण ती घटनांच्या अंगाने येतात. सहकाराला यात मुद्दाम मोठी जागा दिली आहे, आणि मला हा या संग्रहाचा सर्वांत धाडसी भाग वाटतो. १९५० च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यात पुरवठादारच मालक होता, एक सभासद एक मत होतं. फ्रीमन यांच्या कितीतरी आधी हितसंबंध्यांच्या हाती कंपनी देऊन झाली होती. तरीही हद्दीबाहेर कोणीतरी राहिलंच. मालकी वाटली की जबाबदारी आपोआप वाटली जाते, हा भाबडा समज त्यामुळे टिकत नाही, आणि सहकारी संस्थांना बीआरएसआर लागूच नाही हेही या भागातून ठळकपणे पुढे येतं. अनेक चेअरमन यावर चिडतील. चिडावं, आणि लेखी उत्तर द्यावं.

लेखकांत मतभेद आहेत. सीएसआरचा खर्च सक्तीचा ठेवण्याच्या बाजूने लिहिणारा एक लेख आणि ती सक्ती मोडीत काढून तोच पैसा प्रदूषणग्रस्तांच्या निधीत वळवावा असं सांगणारा दुसरा, हे दोन्ही शेजारी शेजारी छापले आहेत. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पहिल्यातला एक मुद्दा मला खोडता आलेला नाही: निधी सरकारी झाला की तो खर्चच होत नाही, याची उदाहरणं आपल्याकडे ढिगाने आहेत. संपादकांनी दोघांची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, हे बरं झालं.